नाममुद्रा, अनुयायी आणि परीक्षक

शके 1506, म्हणजे इ. स. 1584 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या संहितेचे शोधन पूर्ण केले. मूळ ग्रंथ शके 1212चा. मधल्या 294 वर्षांत हातोहात नकला होताना पोथीत पाठभेद शिरले होते, ओव्या वाढल्या होत्या. समाप्तीच्या काही ओव्यांत एकनाथांनी आपल्या कामाची नोंद केली आहे आणि तिच्यात एक ताकीदही दिली आहे : यापुढे ज्ञानेश्वरीत जो कोणी आपली मराठी ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात करवंटी आणून ठेवल्यासारखे होईल. दुसऱ्याच्या ग्रंथात भर घालण्याचा इतका रोखठोक निषेध मराठीत क्वचितच आढळतो. मात्र ज्या ओव्यांत हा निषेध आहे, त्या ओव्याही ज्ञानेश्वरांच्या नव्हेत. भर घालू नये असे बजावणारी ही स्वतः एक भरच आहे, आणि पोथीच्या अखेरीस ती आजही श्रद्धेने वाचली जाते.

एखाद्या ग्रंथावर किंवा त्यातील पात्रांवर जीव जडलेल्या वाचकांनी त्याच सृष्टीत स्वतःची रचना करावी, या व्यवहाराला आज ‘फॅन फिक्शन’ हे नाव मिळाले आहे, आणि त्याची चर्चा बहुधा अमेरिकी अभ्यासांच्या आधारे होते. हेन्री जेन्किन्स यांनी ‘टेक्स्चुअल पोचर्स’ (1992) या ग्रंथात अशा वाचकाला दुसऱ्याच्या रानात शिरून चोरटी शिकार करणाऱ्याची उपमा दिली. ती त्यांनी मिशेल द सेर्तो यांच्याकडून घेतली होती. उपमा आकर्षक आहे, पण रानाला मालक आहे हे तिने आधीच मान्य केलेले असते. मग लेखकांच्या भूमिकाही मालकांच्याच भूमिका ठरतात. ॲन राइस यांनी 2000 साली आपल्या पात्रांवर इतरांनी लिहू नये असे जाहीर करून कुंपण घातले. त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी कॉनन डॉइल यांनी शेरलॉक होम्सवर नाटक रचणाऱ्या विल्यम जिलेटला, होम्सचे लग्न लावायचे की त्याला मारून टाकायचे ते तुमचे तुम्ही ठरवा, अशी मोकळीक दिली होती. सर्व्हान्तेसचा मार्ग सर्वांत मनोरंजक. 1614 मध्ये आव्हेयानेदा या नावाआड कोणीतरी ‘दोन किहोते’चा दुसरा भाग छापला. सर्व्हान्तेसने 1615 मध्ये आपला दुसरा भाग प्रसिद्ध करताना त्या तोतया पुस्तकाची वार्ता खुद्द नायकाच्याच कानी घातली, त्याचा सारागोसाचा बेत रद्द करवून त्याला बार्सिलोनाकडे वळवले आणि अखेरीस त्याला मृत्यू देऊन पुढच्या भागांची वाटच बंद केली.

ही सारी उदाहरणे मालकीची आहेत. मराठी संतकाव्याकडे याच चष्म्यातून पाहिले तर एकनाथांची ताकीद कळल्यासारखी वाटते, पण तिच्या भोवतालचे बरेच काही निसटते. आपल्याकडे हा वाद मालकीचा नव्हता. तो नावाचा होता. कोणी कोणाच्या रचनेत भर घातली यापेक्षा कोणी कोणाच्या नावाने बोलायचे, हा त्यातला कळीचा प्रश्न होता. आणि एकोणिसाव्या शतकात बाहेरचे परीक्षक या परंपरेपाशी आले तेव्हा त्यांनी नेमका हाच प्रश्न मालकीच्या भाषेत विचारला. त्याची किंमत काय पडली, ते पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे.

अभंगाच्या अखेरीस कवीचे नाव गुंफलेले असते. या नाममुद्रेला आपण सवयीने सही समजतो. सही कागदावर एकदा होते आणि तिथेच राहते. मुद्रा मात्र गाणारा प्रत्येक जण स्वतःच्या तोंडाने पुन्हा उच्चारतो. टाळकरी ‘तुका म्हणे’ असे गातो तेव्हा तो एक माहिती सांगत नसतो, तर तेवढ्या चरणापुरता तुकारामांचा आवाज होत असतो. एकनाथांच्या स्वतःच्या मुद्रेत त्यांच्या नावाला गुरू जनार्दनांचे नाव जोडलेले आहे, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. ज्या परंपरेत कर्ता आपले नाव एकटे ठेवतच नाही, तिथे कर्तृत्वाची सीमारेषा आखणे मुळातच अवघड होते.

तुकारामांच्या बाबतीत हा गुंता फार स्पष्ट दिसतो. नामदेव पांडुरंगासह स्वप्नात आले आणि शतकोटी अभंगांची आपली अपुरी राहिलेली संख्या पूर्ण करण्याचे काम त्यांनी आपल्यावर सोपवले, असे तुकाराम स्वतः सांगतात. आजच्या परिभाषेत बोलायचे तर मूळ कवीने आपल्या चाहत्याला पुढील लेखनाची परवानगी दिली. या परंपरेत स्वप्न हे अनुमतिपत्राचे काम करते. ज्ञानेश्वरांनी एकनाथांना स्वप्नात आळंदीला बोलावले अशी कथा आहे. बहिणाबाईंना तुकारामांचा उपदेश स्वप्नातच झाला. पिंपळनेरच्या निळोबांवर तुकारामांनी आपल्या निर्याणानंतर अनुग्रह केला, असे वारकरी मानतात. चमत्कार म्हणून या कथा बाजूला सारणे सोपे आहे. पण त्यांचे वाङ्मयीन कार्य पाहिले तर ज्याच्या मागून बोलायचे त्याची संमती घेतली पाहिजे, ही जाणीव त्यांत ठळक आहे. आणि संमती मिळाली म्हणून तुकारामांनी नामदेवांची मुद्रा वापरली नाही, निळोबांनीही तुकारामांची वापरली नाही. वारसा घ्यावा आणि नाव आपले लावावे, ही एक रीत झाली.

याच तुकारामांनी सालोमालो या इसमावर मात्र कठोर शब्दांत कोरडे ओढले आहेत. दुसऱ्याचे ते आपले म्हणणे आणि संतांची वचने मोडून त्यांतून स्वतःसाठी भूषणे घडवणे, असा दुहेरी आरोप तुकाराम करतात. वचने आपली नाहीत, आपण केवळ धन्याच्या मालाचे ओझेवाहू आहोत असे वारंवार सांगणाऱ्या कवीने असा संताप करावा, यात काही अभ्यासकांना विसंगती वाटू शकेल. मला ती वाटत नाही. हमाल मालाचा धनी नसतो, पण माल वाटेत फोडला जाऊ नये आणि ज्याच्या नावाचा आहे त्याच्याकडेच पोहोचावा याची जबाबदारी त्याचीच असते. तुकारामांचा राग धन्याचा नाही, हमालाचा आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्याचे 57वे कलम आर्थिक मालकीपासून वेगळे असे दोन हक्क लेखकाला देते : कृती आपली असल्याचे सांगण्याचा आणि तिची मोडतोड रोखण्याचा. तुकारामांच्या तक्रारीची दोन अंगे जवळपास तीच आहेत. कायद्याला मात्र हक्क सांगणारा कोणी लेखक लागतो. इथे तक्रारदार स्वतःला लेखक म्हणवून घ्यायलाच तयार नाही.

निळोबा आणि सालोमालो यांच्यामध्ये एक तिसरा वर्ग आहे आणि संख्येने तोच सर्वांत मोठा असावा. स्वतः रचना करायची, आपले नाव पुसायचे आणि मुद्रा मात्र गुरूची घालायची, हा त्याचा शिरस्ता. सालोमालोच्या नेमका उलटा हा व्यवहार आहे. तो चोरी तर नव्हेच. एका अर्थी ते दान आहे. एकनाथांच्याच घरचे उदाहरण पाहावे. त्यांचे भावार्थ रामायण युद्धकांडात 44 अध्यायांपाशी थांबले आणि पुढचा भाग त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केला, असे परंपरा सांगते. ज्ञानेश्वरीत एक ओवी वाढवलेली ज्यांना खपली नाही, त्यांच्या स्वतःच्या ग्रंथाची अखेर दुसऱ्याच्या हातची आहे, आणि परंपरेला यात काहीच खटकत नाही. अमृताचे ताट आणि करवंटी यांतला भेद कशाने ठरतो? माझ्या मते तो गुणवत्तेने ठरत नाही. पूर्ण झालेल्या, कवीने स्वतः समाप्तीचे पसायदान मागून मिटलेल्या ग्रंथात हात घालणे वेगळे आणि उघड्या राहिलेल्या ग्रंथाला शेवट देणे वेगळे, असा तो भेद असावा. अभंगवाणी तर कधीच मिटत नाही. तिला अखेरचा अध्याय नसतो. म्हणून तिच्यात भर पडत राहिली.

ती किती पडली याचा अंदाज आवृत्त्यांवरून येतो. विनायक लक्ष्मण भावे यांनी संताजी तेली जगनाडे यांच्या वह्यांवरून 1919–20 च्या सुमारास जी गाथा छापली, तिच्यात सुमारे तेराशे अभंग आहेत. मुंबई सरकारच्या द्रव्यसाहाय्याने विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केलेली, 1869 पासून इंदुप्रकाश छापखान्यातून निघालेली गाथा साडेचार हजारांवर जाते. तुकाराम तात्या यांच्या आवृत्तीने आठ हजारांचा आकडा ओलांडला. तेराशे आणि आठ हजार यांतली सगळीच तफावत अनुयायांच्या रचनांमुळे पडली असे म्हणता येणार नाही. संताजींच्या वह्यांत सर्व अभंग उतरले असतील असे नाही. तरीही या दोन आकड्यांमधल्या प्रदेशात शेकडो अनाम माणसे उभी आहेत, एवढे निश्चित.

बाहेरच्या परीक्षकाचा पहिला अनुभव या परंपरेने छापखान्याच्या पुष्कळ आधी घेतला होता. वाघोलीच्या रामेश्वरभटांनी तुकारामांच्या अधिकारावर आक्षेप घेतला आणि वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, ही कथा सर्वश्रुत आहे. तिचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो : हेच रामेश्वरभट पुढे तुकारामांचे अनुयायी झाले आणि त्यांच्या स्तुतिपर रचना गाथेच्या परिवारात आल्या. त्यांचा आक्षेप ‘हे कोणी लिहिले’ असा नव्हता, ‘लिहिण्याचा अधिकार कोणाला’ असा होता. आक्षेप अन्यायाचा होता. पण रचना खरी की खोटी असा संशय त्यात नव्हता, म्हणून परीक्षकाला आत यायला दार उघडे राहिले.

एकोणिसाव्या शतकातले परीक्षक वेगळी सामग्री घेऊन आले. मुंबई इलाख्याचे शिक्षणाधिकारी सर अलेक्झांडर ग्रँट यांनी 1867 मध्ये इंग्लंडातील वाचकांसाठी तुकारामांवर लेख लिहिला. सरकारी गाथेमागची प्रेरणा याच वातावरणातली. पंडितद्वयाने हस्तलिखिते मिळवून, ताडून संहिता सिद्ध केली. या श्रमांचे ऋण नाकारण्याचा प्रश्नच नाही. आज तुकारामांविषयी आपण जे काही नेमकेपणाने बोलतो ते त्यांच्यामुळे. पण पद्धतीबरोबर शब्दही आले. ‘प्रक्षिप्त’ आणि ‘क्षेपक’ हे संस्कृत ग्रंथांच्या अभ्यासातले शब्द अभंगांना लागू झाले. भावे यांनी तर आपल्या आवृत्तीला ‘अस्सल गाथा’ असेच नाव दिले. अस्सल हा दफ्तरातला शब्द आहे. अस्सल सनद आणि तिची नक्कल, अस्सल दस्तऐवज आणि बनावट. गावबाचे अध्याय किंवा कोण्या कीर्तनकाराच्या बाडातला ‘तुका म्हणे’चा अभंग या शब्दकोशात बनावट दस्त ठरतो. ज्याने आपले नाव पुसले त्याच्यावर दुसऱ्याची सही ठोकल्याचा आळ येतो.

पुण्यात हा संघर्ष वृत्तपत्रांतून पेटला. 1898–99 च्या सुमारास शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने ‘सुधारका’त लेखमाला लिहून ज्ञानेश्वरीकार ज्ञानदेव आणि अभंगकार ज्ञानेश्वर या दोन भिन्न व्यक्ती असल्याचे प्रतिपादन केले. अभंगांची भाषा ज्ञानेश्वरीहून अर्वाचीन दिसते आणि विठ्ठलभक्तीचा जो स्वर अभंगांत आहे तो ज्ञानेश्वरीत नाही, ही त्यांची मुख्य प्रमाणे. वारकऱ्यांमध्ये प्रक्षोभ झाला, उत्तरे दिली गेली. आज मागे वळून पाहताना जाणवते ते असे की, दोन्ही पक्षांनी एकच गृहीत धरले होते : एका नावामागे एकच माणूस असतो. भारदे यांना दोन प्रकारची रचना दिसली म्हणून त्यांनी दोन माणसे मानली. प्रतिपक्षाने माणूस एकच असा आग्रह धरला म्हणून सारी रचना त्याच्याच पदरात टाकली. भाषा अर्वाचीन आहे कारण शतकानुशतके ती गाणाऱ्यांच्या तोंडी बदलत गेली, आणि त्यांतल्या काही रचना त्या गाणाऱ्यांच्याच आहेत, हा सरळ पर्याय भक्तांना अपमानास्पद वाटला आणि चिकित्सकांना गैरसोयीचा. (नामदेवांच्या संदर्भात क्रिश्चन नोव्हेट्झकी यांनी 2008 च्या आपल्या ग्रंथात या पर्यायाला बरेच बळ दिले आहे, विष्णुदास नामा कोण, हा जुना वादही त्यामुळे निराळा दिसू लागतो.)

आतला आणि बाहेरचा हा भेद पुढे इतका ताठर राहिला नाही. विष्णुबुवा जोग यांनी 1917 मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापली. त्यांचे शिष्य सोनोपंत दांडेकर एकाच वेळी सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य, तत्त्वज्ञानाचे अध्यापक आणि पंढरीचे वारकरी कीर्तनकार होते. ‘वारकरी पंथाचा इतिहास’ (1927) हे एखाद्या समुदायाविषयी त्याच समुदायातल्या विद्वानाने लिहिलेले पुस्तक आहे. जेन्किन्स आपण अभ्यासक आहोत आणि चाहतेही, असे अभिमानाने सांगतात आणि त्याचे आपल्याकडील विद्यार्थ्यांना नावीन्य वाटते. पुण्यात ही दुहेरी भूमिका अर्धशतकाहून अधिक आधी एक माणूस, कसलेही नाव न देता, टिळक रस्त्यावरच्या वर्गात आणि कीर्तनाच्या फडावर निभावत होता. तरीही दांडेकरांच्या इतिहासात अनाम रचनाकार फारसे येत नाहीत. समुदायातल्या विद्वानालाही संतांची नावे सांभाळणे अधिक निकडीचे वाटले, हे त्या काळच्या दडपणाचे द्योतक आहे.

वगळलेल्याचे काय करायचे, या प्रश्नाला पुण्यातच एक निराळे उत्तर मिळाले, पण ते मराठी ग्रंथासाठी नव्हते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि 1966 मध्ये 19 खंडांत ते पूर्ण झाले. त्यासाठी 1259 हस्तलिखिते पाहिली गेली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी घालून दिलेल्या शिस्तीत मूळ संहितेतून वगळलेला श्लोक फेकून दिला जात नाही. तो पानाच्या तळाशी तारांकित होऊन उतरतो, आणि मोठा असेल तर परिशिष्टात जातो. कोणत्या हस्तलिखितांत तो आहे याची नोंद सोबत असते. आता या परिशिष्टांत कोण जाऊन बसले आहे पाहा. व्यास सांगत आहेत आणि गणपती लिहून घेत आहे, हा प्रसंग तिथे आहे. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावाही मूळ संहितेत राहिलेला नाही. महाभारत म्हटल्यावर सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम जे उभे राहते, त्यातले पुष्कळसे मागून आलेल्या अनाम अनुयायांचे आहे. सुकथनकरांच्या कडक चिकित्सेमुळेच हे आपल्याला ठामपणे म्हणता येते, कारण त्यांनी वगळले तेही छापले. संतकाव्याला ही सोय क्वचितच लाभली. तिथे ‘संशयित’ अभंग एका आवृत्तीतून दुसरीत जाताना गळतो, आणि गळताना त्याची नोंदही राहत नाही. त्याला तुकाराम नाकारतात आणि दुसरा कोणी बाप त्याला नसतो. आपल्या वाङ्मयेतिहासाची प्रकरणे कवींच्या नावांनी पाडलेली असल्यामुळे अशा रचनेला बसायला एकही प्रकरण नाही.

यावर असे म्हटले जाईल की, तळटिपेत तरी अनुयायाला काय मिळते? तो तिथेही अनामच. आक्षेप योग्य आहे. परीक्षणाने हिरावलेले परीक्षणानेच परत द्यायचे तर ते कसे, याचा एक नमुना पुण्याच्या पश्चिमेच्या डोंगरांतून आला.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जात्यावरच्या ओव्यांचे संकलन केले. मुळशी-मावळच्या खेड्यांतून वाढत गेलेला हा संग्रह एक लाख ओव्यांच्या पलीकडे पोहोचला. ‘स्टोनमिल अँड भक्ती’ (1996) या त्यांच्या ग्रंथात शेतकरी बायांची भक्ती आणि स्वामींचे तत्त्वज्ञान यांतले अंतर तपासलेले आहे. या ओव्यांतले पंढरपूर गाथेतल्या पंढरपुरासारखे नाही. इथे रुक्मिणी विठ्ठलावर रुसते, तुळशीचा आणि जनीचा तिला सवतीसारखा राग येतो, विठ्ठलाला तिची समजूत काढावी लागते. सीतेच्या वनवासाचा जाब रामाला विचारला जातो. पात्रे परंपरेची, पण संसार जाते ओढणाऱ्या बाईचा. फॅन फिक्शनची जी लक्षणे पाश्चात्त्य अभ्यासक सांगतात त्यांतले एकही इथे कमी नाही. पात्रांतले नाते नव्याने जुळवणे, मूळ कथेत दुर्लक्षित राहिलेल्या स्त्रीच्या बाजूने बोलणे, आपापसांत देवाणघेवाण करणे आणि बाहेरच्यांसाठी न रचणे, हे सारे इथे आहे. एक फरक मात्र आहे, आणि तो आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा : या ओवीला मुद्राच नसते. बाई ना संताचे नाव घालते, ना स्वतःचे.

संकलकही बाहेरचेच, पॉइटवाँ तर जन्माने फ्रेंच. पण त्यांनी अस्सल ओवी कोणती, हा प्रश्न विचारला नाही. ओवी गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव त्यांनी ओवीशेजारी लिहून घेतले. तीच ओवी दुसऱ्या गावात दुसऱ्या बाईने एखादा शब्द बदलून गायली, तर ती पाठभेद म्हणून पहिलीच्या खाली गेली नाही. तिला स्वतंत्र नोंद मिळाली, त्या बाईच्या नावाने आणि तिच्या गावाने.